कानात ग्राहक

श्रीपुरात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेलं पोरगं दीडपट वेगाने पॉडकास्ट ऐकतं. ट्रॉली तिच्याच वेगाने. शेतकऱ्यांसाठी ॲप काढायचंय म्हणे, म्हणून प्रॉडक्ट मॅनेजमेंट शिकणं चालू. 'आधी ग्राहकाशी बोला,' अमेरिकेतला पाहुणा सांगतो. पोरगं मान डोलावतं, आणि ऊसतोडीबद्दल काही सांगू पाहणाऱ्या शेजारच्या काकांना हातानेच गप्प करतं.

याच गावात चंद्रशेखर आगाशे या वकिलाने बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना उभा केला. कंपनी १९३४ची, साखरेला संरक्षण देणारा कायदा दोनच वर्षांपूर्वीचा. संधी बरोबर हेरली आणि भांडवलासाठी लोकांच्या गळी शेअर उतरवले. इअरफोनशिवाय जमलं कसं, कोण जाणे.

पुढचा भाग: 'ऐकण्याची कला'. मध्ये गादीची जाहिरात.