तुमसर ते दुबई, नाकाच्या वाटेनं

ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईचं एक्स्पो उघडलं आणि तिथे नोकरीला असलेल्या पोरानं तुमसरच्या मामा-मामींची तिकिटं धाडली. सोबतीला मी. विमान मुंबईहून, शुक्रवारी रात्री आठचं. व्हिसा झाला, कोविनच्या सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडून झाला. घोडं अडलं ते नाकापाशी.

आरटीपीसीआरचा स्वॅब विमान सुटण्याआधीच्या ४८ तासांतला हवा, रिपोर्टवर क्यूआर कोड हवा, शिवाय विमानतळावर शेवटच्या सहा तासांत रॅपिड पीसीआर. मामा धानाचे व्यापारी, हिशेब तोंडावर. "बुधवारी सकाळी देऊ, गुरुवारी रिपोर्ट, शुक्रवारी उडू. दोनच दिवस झाले न जी?"

झाले साठ तास! घड्याळ रिपोर्टच्या तारखेपासून नाही, नाकात काडी गेल्यापासून चालू होतं, हे पटवता पटवता दोनदा चहा झाला. आणि बुधवारी रात्री आठनंतर नमुना घ्यायला आपल्याकडे कोण बसलंय? शेवटी गुरुवारी भंडाऱ्यात लॅब उघडताच स्वॅब दिला आणि दुपारी वरठीला, म्हणजे भंडारा रोडला, विदर्भ एक्स्प्रेस धरली. आपण निगेटिव्ह आहोत की नाही हे कळायच्या आत नागपूर मागे पडलं.

मामींचा रिपोर्ट अकोल्याला आला. मामांचा नाही. मामींनी काही न बोलता डबा उचलला आणि वरच्या बर्थवर मुक्काम हलवला.

"अवो, मले का झालं आहे?"

"रिपोर्ट येऊ द्या, मंग सांगतो."

मामा मास्कवर मास्क चढवून खिडकीकडे तोंड करून बसले. शेगावला मोबाइल वाजला, निगेटिव्ह. मामी खाली उतरल्या, डबा उघडला.

मुंबईत सकाळी उतरल्या उतरल्या मामांना विमानतळावरची टेस्ट उरकून मोकळं व्हायचं होतं. दुपारी दोनच्या आत केली तर ती फुकट, असं सांगितल्यावर ते चिडले. पण फुकट हा शब्द तिथे शोभत नव्हता. माणशी साडेचार हजार रुपये! निकाल मात्र चहा निवायच्या आत.

दुबईत उतरलो तर समोर पुन्हा काडी. मामांनी मान मागे केलीच नाही. "पोत्यात नळी खुपसून धानाचा नमुना आमीबी काढतो जी. पण एकाच पोत्यातून तीन डाव नाही." ते ज्याला उद्देशून होतं त्या पोराला मराठी येत नसावं. त्यानं हसून काडी घातली.

येताना एअर सुविधाचा फॉर्म. नवा रिपोर्ट ७२ तासांच्या आतला हवा म्हटल्यावर मामा खूश झाले, एक दिवस जास्तीचा मिळाला म्हणून. त्या आनंदात फॉर्म त्यांनी स्वतःच भरायला घेतला. मी बघितलं तेव्हा सीट नंबरच्या रकान्यात लिहिलं होतं, 'खिडकीजवळची'.