तेवढे दोन सूर वाजव रे बाबा!

चि. भिंतीपलीकडच्या गिटारवादकास,
लकडगंजातून लकडगंजातच अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवाच्या एकादशीला आमच्याकडे भजनी मंडळ बसलं होतं. तुझ्याकडे नेहमीप्रमाणे ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती जगप्रसिद्ध रिफ चालू होती, आणि नेहमीप्रमाणेच अर्धवट. तिचे तुकडे चार. दुसऱ्यात, सहाव्या फ्रेटवर, तुझं बोट घसरतं. तरी रेटत तिसऱ्यापर्यंत येतोस, तिथे मागची चूक आठवते आणि पुन्हा पहिल्यापासून! इकडे अभंग, तिकडे तू. शेवटी ऐंशी ओलांडलेल्या आमच्या आईने टाळ खाली ठेवले, भिंतीकडे तोंड केलं आणि तुझे राहिलेले दोन सूर खणखणीत गाऊन टाकले. ग, सा. मग म्हणाली, “संपलं एकदाचं. चला, पुढचा अभंग घ्या.”

तिला ते जमलं यात नवल नाही. तिची पट्टी पांढरी पाच, तुझ्या रिफचा षड्जही तोच. नवल याचं की तुला ते अजून जमत नाही. काहून रे? तो चौथा तुकडा अख्ख्या रिफमध्ये सगळ्यात सोपा आहे. तिसरा फ्रेट, मग मोकळी तार. कोमल गंधार, षड्ज. बस्स. डोंगर चढून येतोस आणि देवळाच्या पायरीवरून परत फिरतोस!

गैरसमज नको. आवाजाची तक्रार लकडगंजातला माणूस करेल कशाला? सागाच्या ओंडक्यात आरा शिरतानाचा आवाज ऐकत आम्ही पाढे पाठ केले. पण आरा एकदा ओंडक्यात शिरला की दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. मध्येच थांबून ‘परत सुरुवातीपासून कापू’ म्हणत नाही.

शत्रूचा अभ्यास करावा म्हणून मी तुझ्या रिफची सगळी कुंडली काढली. 4 डिसेंबर 1971 ला स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो इथे फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कोणीतरी फ्लेअर पेटवली आणि अख्खा कॅसिनो जळाला. रेकॉर्डिंगसाठी तिथे आलेल्या डीप पर्पलने त्यावर गाणं केलं, ते 1972 च्या ‘मशीन हेड’ अल्बममध्ये आलं. आग म्हटलं की आम्हा लाकूडवाल्यांच्या पोटात गोळा येतो, त्यामुळे गाण्याबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. रिची ब्लॅकमोर ही रिफ पिकने वाजवत नाही. दोन तारा दोन बोटांनी एकदम छेडतो. तू पिकने खरवडतोस, ते असो. पहिला आघात कोणत्या मोकळ्या तारांवर, पाहिलंस का? खाली पंचम, वर षड्ज. तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारा जशा! डिस्टॉर्शन वाढवलं की भरगच्च कॉर्डचा चिखल होतो, म्हणून हेवी रॉकवाले अशा दोनच सुरांवर भिस्त ठेवतात. आणि तुझा तो नतद्रष्ट सहावा फ्रेट म्हणजे तीव्र मध्यम, लगेच पुढे शुद्ध मध्यम. दोन मध्यम शेजारीशेजारी लावायला ललित गाणाऱ्यांनाही घाम फुटतो. तिथे चुकलास म्हणून कोणी तुला फासावर देणार नाही.

किरकोळ तक्रारी उरकून घेतो. तुझा अँप वाजत नसतानाही गुणगुणतो. आपली वीज सेकंदाला 50 फेरे घेते आणि खर्जातला ‘जी’ 49 चा, म्हणजे बिचारा अँपसुद्धा तुला षड्ज देत बसलाय. तरी तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंग तपासून घे, जिवाशी खेळ नको. गिटार जुळवताना तरी आवाज कमी ठेव.

आता तुझ्या हितचिंतकांबद्दल. ठाण्यात द्यायचा अर्ज घेऊन चारजण माझ्याकडे सहीला आले होते. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, नियम तोंडपाठ. यांच्याच घरच्या वरातीत डीजेने आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरवली, आईला कानात कापूस घालून मागच्या खोलीत नेऊन बसवावं लागलं, तेव्हा कुठे होता नियम? एक पोरगं दार लावून, रात्री दहाच्या आत काही शिकू पाहतंय, तर त्याला पोलीस दाखवता? लाज नाही वाटत? मी सही केली नाही. चहाही दिला नाही.

परवा जिन्यात तुझी बोटं दिसली. डाव्या हाताच्या टोकांना चिकटपट्ट्या. आरा मशीनवर बोट गमावलेली माणसं या वस्तीने पाहिली आहेत, म्हणून एक सांगतो. ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि त्या हाताने ‘आयर्न मॅन’ वाजवलं. तुझी टोकं शाबूत आहेत. घट्टे पडतील, दुखणं थांबेल.

पण तुझ्या क्लासवाल्याने तुला एक गोष्ट शिकवलेली दिसत नाही, ती फुकट घे. आमच्याकडे तबल्याच्या पोरालाही पहिल्या महिन्यात सांगतात, बोल चुकला तर चुकू दे, सम चुकवू नको. दुसऱ्या तुकड्याची चूक तिथेच सोडायची, तिसरा घ्यायचा, चौथा घ्यायचा, षड्जावर यायचं. तीव्र मध्यमासाठी वेगळा वेळ काढ, तेवढाच फ्रेट शंभरदा घास, मी चकार शब्द काढणार नाही.

मात्र आज संध्याकाळी रिफ सुरू केलीस तर ती संपव. तिसरा फ्रेट, मोकळी तार. मग खुशाल पहिल्यापासून वाजव, दहा वाजेपर्यंत.

कळावे,
तुझा, भिंतीअलीकडचा काका