कशाने, कुठे आणि किती वेळा?

कोणी कोणाला मारलं अशी बातमी घेऊन सरांकडे गेलं, की ते 'अरेरे' म्हणत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "कशाने? कुठे? किती वेळा?" सांगणाऱ्याला वाटतं, सर आता पोलिसात जाणार. सर क्रियापद शोधत असतात. उघड्या पंजाने असेल तर स्लॅप, मुठीने पंच, पोराच्या ढुंगणावर असेल तर स्पँक. एकदाच असेल तर हिट, पुन्हा पुन्हा असेल तर बीट. "म्हणून ढोल बीट करतात, अंडं बीट करतात, हृदयही बीट होतं. ते एकदाच होऊन थांबलं तर माणूस उरेल का?" हा त्यांचा ठरलेला विनोद. त्यावर आधी तेच हसतात.

निवृत्त इंग्रजी मास्तरांची ही जात विरळ होत चालली असली, तरी तालुक्याच्या गावी एखादा हमखास सापडतो. रेन-मार्टिनच्या व्याकरणाला खाकी कव्हर, हॉर्नबीच्या डिक्शनरीची पाठ डिंकाने चिकटवलेली, आणि लग्नपत्रिका हातात पडली की आधी लाल पेन. आमच्या सरांचा खास विषय मार. शाळेत हा धडा ते प्रात्यक्षिकासह घेत. तळहातावर सपाट पट्टी म्हणजे स्मॅक, बोटांच्या पेरांवर पट्टीची कड म्हणजे रॅप. तसे मनाने गरीब. "लागलं का रे?" असं कळवळून विचारायचे आणि पोरगं 'हो' म्हणालं की समाधानाने म्हणायचे, "म्हणजे रॅप." पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, तेव्हा ते टेबलावर मारून शिकवू लागले. आवाज येतो पण शब्द पक्के होत नाहीत, अशी त्यांची शेवटपर्यंत तक्रार होती.

मध्यंतरी त्यांच्या सोसायटीत पार्किंगवरून हातघाई झाली. इतिवृत्त इंग्रजीत लिहायचा मान सरांचा. मीटिंग भरेपर्यंत भांडणारे दोघेही निवळले होते, एकाच बशीतली बिस्किटं खात होते. सरांचं पेन मात्र हवेत.

"पंजा उघडा होता की मूठ वळलेली?"

"जाऊ द्या ना सर आता."

"जाऊ कसं द्या? वाक्य अर्धं राहिलंय."

मार खाणाऱ्याने प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, "अर्धवट मिटला होता. हातात स्कूटरची किल्ली होती."

सरांनी पेन खाली ठेवलं. किल्लीसकट अर्धवट मिटलेल्या पंजाची इंग्रजांनी काही सोय केलेली नव्हती. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "मुळात लागायलाच हवं असं नाही, सर. मारणारच अशी भीती वाटेल असा हात उगारला, तरी असॉल्ट. जुन्या दंडविधानाचं कलम ३५१." न लागता मार! सरांना हे इतकं आवडलं, की त्यांनी दोघांनाही पुन्हा उभं केलं आणि किती अंतरावरून असॉल्ट होतो हे बघायला हात उगारायला लावला. दुसऱ्या खेपेला खरंच बसली. इतिवृत्तात निर्धास्तपणे 'स्लॅप' लिहिता आलं.

क्रिकेट निघालं की १९८२ साल निघतंच. ओल्ड ट्रॅफर्डवर संदीप पाटीलने बॉब विलिसला एका षटकात सहा चौकार ठोकले. इतरांना ते फटके आठवतात, सरांना कर्म. "हिट केलं विलिसला, लागलं चेंडूला आणि विलिस धडधाकट!" उलट चेंडू बॅटला न शिवता गेला तर फलंदाज बीटन. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, तोही स्ट्राइक. कारण १७६८ साली लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडं उतरवून काम बंद पाडलं, आणि शीड उतरवण्याला स्ट्राइकच म्हणत. सरांची अशी माहिती नेमकी खरी निघते, हा त्यांच्याशी बोलण्यातला मोठाच त्रास आहे.

मराठीत या सगळ्याला एकच शब्द, 'मारणं', असं ते एकदा हळहळून म्हणाले. काकू स्वयंपाकघरात धपाटे थापत होत्या. तिथूनच सुरू झाल्या. "टपली, चापट, थोबाडीत, कानशिलात, गुद्दा, बुक्की, रट्टा. शिवाय बदडणं, बुकलणं, धोपटणं, तुडवणं, झोडपणं." सरांनी शेवटचा शब्द झेलला. "थ्रॅश! अगं, थ्रेशरमधला थ्रेश तो हाच. दोन्ही खळ्यातले." "असेल. आणि पाठीत घालतात त्या धपाट्याला काय म्हणतात तुमच्यात?" पंजा किंचित खोलगट, आवाज मोठा, लागणं बेताचं, आणि घालायचा अधिकार मुख्यतः आईला. सर हॉर्नबी घेऊन बसले. ताटातला गार झाला.

मग मुलाने त्यांना अमेरिकेला नेलं आणि यांकी स्टेडियमवर बेसबॉल बघायला बसवलं. फलंदाजाने जीव खाऊन बॅट फिरवली, चेंडू थेट मागच्याच्या हातमोज्यात. पंच ओरडला, "स्ट्राइक!"

सर ताडकन उठले. "कशाला लागला?"

"कशालाच नाही, बाबा. म्हणून तर स्ट्राइक."

पुढचा चेंडू बॅटला लागून रेषेबाहेर गेला. तीही स्ट्राइक. त्यापुढच्याला गड्याने बॅट हलवलीच नाही, तरी स्ट्राइक, आणि गडी बाद. इथे सरांचा संयम सुटला. शेजारच्या अनोळखी अमेरिकनाला त्यांनी अत्यंत शुद्ध इंग्रजीत, सर्व उपवाक्यांसह, जाब विचारला. त्याने शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खेळातलं काही अडलं तर मला विचारा. इंग्रजीचं तुम्हीच बघा."

इतका समंजस माणूस आपल्याला अमेरिकेत दुसरा भेटला नाही, असं सर सांगतात.