सक्करे बेडा

नोकरी बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि फ्लॅट चंदापुरा-आनेकल रस्त्यावर, असा मुलाचा संसार थाटला की पुण्या-साताऱ्याहून वडील राहायला येतात. सोबत मफलर, बीपीच्या गोळ्या आणि मधुमेह. यांतूनच शुगर-फ्री काका घडतात. सोसायटी कुठलीही असो, एक सापडतोच.

काका कन्नडमधले दोनच शब्द शिकलेत : 'सक्करे बेडा.' साखर नको. दर्शिनीत, म्हणजे तिथल्या उभ्याच्या उपाहारगृहात, फिल्टर कॉफी घ्यायची, डबीतून शुगर-फ्रीच्या दोन गोळ्या टिचकीने कपात पाडायच्या आणि आजूबाजूला कुणी पाहतंय का ते बघायचं. मग चौचौ भात मागवायचा. त्यातला खारा भात, म्हणजे तिखट उपमा, सोबत्याला; केसरी भात, म्हणजे गोड शिरा, स्वतःला.

"काका, साखर?"

"आत्ताच दोन चमचे वाचवली ना!"

काका निवृत्त बँकवाले. दोन चमचे साखरेच्या जेमतेम चाळीस कॅलरी. तेवढ्या जमेवर केसरी भात उचलतात आणि वर म्हैसूरपाकाचा ओव्हरड्राफ्ट. तीन महिन्यांनी साखरेच्या सरासरीचा, एचबीए१सीचा रिपोर्ट येतो तेव्हा लॅबचं यंत्र बिघडलेलं असतं.

अभ्यास मात्र दांडगा. 1976 साली लंडनमध्ये शशिकांत फडणीस या संशोधकाला पदार्थाची 'टेस्ट' करायला सांगितलं. त्यांनी 'टेस्ट' म्हणजे चव समजून तो जिभेवर ठेवला आणि साखरेच्या सुमारे 600 पट गोड सुक्रालोज हाती लागलं. काका हे 'आपले फडणीस' म्हणून सांगतात, जणू वाड्यात समोरच राहायचे. मे 2023मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेची गोडी वापरू नका, असं सुचवलं. "पण आधीच मधुमेह असलेल्यांना ते लागू नाही!" एवढी एक ओळ काकांनी बारकाईने वाचली.

शुगर-फ्री काजूकतली तर ते औषध म्हणूनच खातात. तिच्यात तूप-काजू तर असतातच, शिवाय माल्टिटॉल असेल तर जास्त खाल्ल्यावर पोट ढिलं होतं. बॉक्स फस्त केल्याच्या दुसऱ्या दिवशी काका फिरायला दिसले नाहीत.

सून गुळाचा डबा नाचणीच्या पिठामागे लपवते. रोज चष्मा न सापडणाऱ्या काकांना तो अंधारात सापडतो. व्यसन म्हटलं तर भडकतात : "तंबाखू एका झटक्यात सोडणारा माणूस मी!" खरंय, पण तंबाखूऐवजी कुणी गोळी देऊन तंबाखूचीच चव चालू ठेवली नव्हती. इथे साखर कपातून गेली आणि गोडाची चटक जिभेवर मुक्कामाला राहिली. रामनवमीला पानकाचे, म्हणजे गुळाच्या सरबताचे, तीन पेले होतात. प्रसाद हिशेबात धरत नाहीत म्हणे. फारच टोकलं तर बोम्मसंद्राकडे बोट दाखवतात : "बायोकॉन आपल्याच तालुक्यात इन्सुलिन बनवते. काळजी कसली?"

तेव्हा आनेकलला आलात आणि शेजारच्या टेबलावरून 'सक्करे बेडा' ऐकू आलं, तर आपला केसरी भात आधी संपवा.