डॅशबोर्डवाला चाकरमानी

कुडाळजवळची पिंगुळी बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ती ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळे आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. डॅशबोर्डवाल्या चाकरमान्याला अजून कोणी पुरस्कार दिलेला नाही, पण पिंगुळीपासून मालवणपर्यंत कुठल्याही वाडीत तो सापडतो. राहायला डोंबिवलीत, घर गावात आणि जीव मोबाइलमध्ये. आधी तो पडवीत कॅमेरा लावतो. मग विहिरीवरच्या पंपाला मोबाइलवरून चालणारा स्विच येतो, तुळशीसमोर स्मार्ट बल्ब येतो. वर्षातला बहुतेक काळ या घरात माणसे शून्य आणि यंत्रे अकरा असा हिशेब असतो. तेव्हा यंत्रांवर लक्ष ठेवायला आणखी एक यंत्र हवे, हे ओघानेच आले. 2013 पासून विकसित होत असलेली ‘होम असिस्टंट’ ही मोफत प्रणाली तो तळहाताएवढ्या ‘रास्पबेरी पाय’ संगणकावर चढवतो आणि ती पेटी माजघरात, देव्हाऱ्याच्या शेजारी बसवतो.

या गृहस्थाची गणपतीची सुट्टी नामकरणात जाते. राउटरच्या यादीत बल्ब ‘बल्ब’ म्हणून येत नाही. अंक-अक्षरांचा एक पत्ता दिसतो आणि त्या पत्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून फार तर निर्माता कळतो. स्वस्त बल्ब आणि स्विच यांच्या पोटात बहुधा शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चिप असते, त्यामुळे यादीत सख्ख्या भावंडांसारखे चार एस्प्रेसिफ उभे राहतात. पंपाचा कोणता, हे ठरवायला तो बायकोला विहिरीवर उभी करतो आणि एकेक यंत्र बंद करत पडवीतून ‘आता?’ असे ओरडतो. आजकालचे फोन तर मूळ पत्ता लपवून तात्पुरता पत्ता सांगतात. परिणामी आरतीला आलेली आत्या त्याच्या पडद्यावर ‘अनोळखी यंत्र’ म्हणून लाल अक्षरांत झळकते. अखेर सगळी नावे लागली की दर मिनिटाला त्याची पेटी प्रत्येक यंत्राला ‘आहेस का?’ असे विचारते, यंत्र ‘आहे’ म्हणते आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो. अकरा हिरवे ठिपके पाहिल्याशिवाय त्याला डोंबिवलीत झोप लागत नाही.

त्याला हसणारे पुष्कळ आहेत, पण ते चुकीच्या जागी हसतात. दूरच्या घरावर लक्ष ठेवणे यात हसण्यासारखे काही नाही. विनोद आहे तो त्याच्या प्रश्नात. तो यंत्राला ‘आहेस का?’ एवढेच विचारतो, ‘कोणाशी बोलतोस?’ हे कधीच विचारत नाही. गाऱ्हाण्यात ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा प्रत्येक जण भावकीच्या कज्ज्यात कोणाच्या बाजूने आहे, हे त्या होकारावरून थोडेच कळते? ऑक्टोबर 2016 मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने ताब्यात घेतलेल्या उपकरणांनी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतील ‘डाइन’ (Dyn) या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अडखळल्या. ही उपकरणे म्हणजे घरोघरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून पाहणे, एवढीच मिराईची किल्ली होती. त्या काळात हे कॅमेरे चालूच होते. आपल्या गृहस्थाच्या पडद्यावर ते सगळे हिरवेच दिसले असते.

यावर शेजारचे काका म्हणतील, बंद घरात चोरायला आहे काय, दोन पाट आणि एक फुटका माठ? पण मिराईला घरातले काही न्यायचे नव्हतेच. घराच्या खांद्यावरून दुसऱ्यावर नेम धरायचा होता. काकांचा दुसरा आक्षेप मात्र भक्कम आहे. पावसात लाइट गेली की घरातली पहारेकरी पेटीच आधी बंद पडते आणि स्वतः बंद पडल्याची बातमी ती देऊ शकत नाही. डोंबिवलीला खरी खबर मिळते ती काकांच्या फोनने: “कॅमेऱ्याक काय एक जावक नाय, लायट गेली हा.” हे मान्यच केले पाहिजे. मात्र कॅमेरा रात्री कोणत्या परक्या पत्त्याशी बोलतो, हे काकांना पडवीत बसून दिसणार नाही. तिथे सॉफ्टवेअरच हवे. हे सामान्य माणसाला झेपणार नाही, हा तिसरा आक्षेप खुद्द गृहस्थाचा. ज्याने बायकोला तासभर विहिरीवर उभी केली, त्याने तरी हे म्हणू नये. आणि केंद्र सरकारने एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणीची अट लागू केली असली, तरी पडवीत आधीच लटकलेला कॅमेरा तपासायला दिल्लीहून कोणी पिंगुळीला येणार नाही.

तेव्हा या गृहस्थाला पहारा सोडायला सांगू नये, प्रश्न बदलायला सांगावा. यंत्रांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड आधी बदलावेत, त्यांना घरच्या फोन-लॅपटॉपपासून वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर बसवावे आणि ती कोणकोणत्या पत्त्यांची चौकशी करतात याची नोंद पेटीला ठेवायला लावावी. ज्या बल्बला केवळ पेटण्यासाठी सतत परदेशाशी बोलावे लागते, तो काढून साधा बल्ब लावावा. आणि काकांचा नंबर डॅशबोर्डवर सगळ्यांत वर ठेवावा.