दुष्काळात इथेनॉल कसं काढावं?

अभिनंदन! राहायला बीड जिल्ह्यात आणि मनावर घेतलंय इथेनॉल. रसायनाला घाबरू नका. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, संपलं. अडचण पाण्याची आहे.

१. ऊस लावा. माजलगाव धरण भरलं असेल तर लावाच; आटलं असेल तर पुढच्या साली भरेल म्हणून लावा. नीती आयोगाचा २०२१ चा अहवाल सांगतो, उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे २८६० लिटर पाणी जातं. म्हणजे वस्तीवर येणारा १२ हजार लिटरचा टँकर हे सुमारे चार लिटर इथेनॉल झालं. घागरींच्या रांगेत हा हिशेब मांडू नका. मार बसेल.

२. कोयता ठरवा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. इथेनॉलच्या सूत्रापेक्षा हे अवघड आहे, पाठ करा. मुकादमाकरवी उचल द्या. फिटली नाही तर पुढच्या हंगामाचीही सोय झाली. मात्र घाई करा, पाटोदा-धारूरकडचे कोयते दिवाळीच्या आगेमागे सांगली-कोल्हापूरच्या वाटेला लागतात. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचा दंड. ताप असो, पाळी असो, खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर विधिमंडळात चर्चा झाली, समिती नेमली गेली. नवशिक्यांनी हे पान उलटावं. अनुभवी लोकांनी केव्हाच उलटलंय.

३. रस की मळी, ते ठरवा. रस थेट आंबवला तर टनामागे साधारण ७० लिटर. साखर काढून उरलेल्या मळीतून दहा-अकरा. तुम्ही शहाणे, रसच घेणार. कर्ज काढून टाक्या उभ्या करा आणि ७ डिसेंबर २०२३ सारख्या दिवसाची वाट पाहा. पाऊस कमी, साखर कमी पडेल, रस वापरू नका, असा दिल्लीहून हुकूम येतो. आठवडाभरात थोडी सूट, पुढच्या ऑगस्टअखेर बंदीच रद्द. यीस्टला तेवढं थांबायला सांगा.

४. उकळा. अल्कोहोल ७८ अंशांना निघतं, पण साधारण ९५ टक्क्यांवर अडतं. उरलेलं पाणी साध्या उकळण्यानं सुटत नाही. एवढा जीव पाण्यावर टाकणारं दुसरं कोण असेल, तर टँकरवाला. लिटरमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरेल: काकवीच्या रंगाचा, नाक धरायला लावणारा. शेजाऱ्याच्या विहिरीपासून लांब ठेवा. विहीर कोरडी असली तरी शेजारी ओला असतो.

५. वापरा. औषधं, अत्तर, शाई, दारू. २०२० मध्ये तर डिस्टिलऱ्यांनी सॅनिटायझर काढलं. बाकीचं पेट्रोलमध्ये, २० टक्के. लिटरला ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, तेव्हा गाडीचं ॲव्हरेज पडलं तर मेकॅनिकशी भांडू नका.

आता टाकी फुल करा, मागे दोन घागरी बांधा आणि टँकर कुठवर आलाय ते बघून या.