बायकांचं अर्धं तळं

हौशी वल्हेशर्यतीचं पत्रक हाती आलं आहे. शहर रायपूर. तळं कुठलं ते विचारू नका, इथे तळ्यांना तोटा नाही. वर ठळक अक्षरांत ‘सर्वांसाठी खुली’, खाली चार गट: पुरुष, महिला, मिश्र आणि इतर. पुरुषांनी पलीकडच्या घाटाला हात लावून यायचं, महिलांनी मधल्या नारिंगी पिंपाला वळसा घालून परतायचं. तळं तेच, वल्हं तेच, फीसुद्धा तीच.

पिंपाची चौकशी केली. त्यापलीकडे मगर नाही. पाणीही खोल नाही, उलट घाटाकडे उथळच होत जातं. जलपर्णी आहे, पण ती दादा-वहिनी न बघता वल्ह्याला गुंडाळते. मग पिंप कशाला? “वहिनींना झेपायला हवं ना!”

मिश्र गटात खरी पंचाईत झाली. होडीत दोन दादा, दोन वहिनी, वळायचं कुठे? समिती बसली, चहा झाला, पाऊण तळं ठरलं. एकाने शंका काढली, तीन वहिनी आणि एकच दादा असेल तर? खजिनदारांनी कॅल्क्युलेटर काढला: पाच अष्टमांश. आणि ऐनवेळी दादाला ताप येऊन त्याच्या जागी वहिनी बसली तर? तर पिंप सरकवायचं. त्यासाठी पिंपवाला नेमायचा, त्याने गळाभर पाण्यात शिट्टीची वाट बघत उभं राहायचं, आणि होडीत कोण बसलंय हे काठावरून ओरडून त्याला सांगायला आणखी एक माणूस. त्या दोघांच्या जेवणाचा खर्च अर्थातच महिला गटाच्या बक्षिसातून. आणि तृतीयपंथी स्पर्धकाने कुठे वळायचं? “ते बघू त्या दिवशी.” पत्रकात ‘इतर’पुढे अंतर नाही, वेळ नाही, बक्षीस नाही. फी मात्र छापली आहे. म्हणजे पैसे भरायचे, काठावर उभं राहायचं आणि समावेशाच्या फोटोत हसायचं. याच छत्तीसगढात 2021 साली 13 तृतीयपंथी उमेदवार पोलीस शिपाई म्हणून निवडले गेले. खाकी चालते, वल्हं चालत नाही?

संयोजक ऑलिम्पिककडे बोट दाखवतात. दाखवा. तिथे पुरुषांच्या कनू-कयाकच्या शर्यती 1936 साली बर्लिनला सुरू झाल्या. बायकांना 1948 साली लंडनला एक शर्यत मिळाली, 500 मीटरची. एका पात्याच्या वल्ह्याने, गुडघा टेकून मारायची कनू त्यांच्या हाती आली ती थेट 2021 मध्ये, टोकियोला. 85 वर्षांनी! पुरुष पहिल्यापासून 1000 मीटर मारतात. बायकांना ते अंतर पॅरिसलाही मिळालं नाही. याला शास्त्र म्हणत नाहीत, याला आळस म्हणतात. कुणीतरी एकदा पिंप टाकून ठेवलं आणि ते उचलायला कुणी पाण्यात उतरलं नाही. इथल्याच तळ्यांत शिंगाडे काढणाऱ्या बाईला कुणी सांगतं का, की बाई, अर्ध्यावरून परत फिर? तिथे मेहनत आहे, मेडल नाही, म्हणून सगळं तळं तिचं.

आणि हो, पाहुण्यांना मांडव आहे. बायकांना कपडे बदलायला चार काठ्या आणि एक चादरही नाही. त्यावर समितीत चहासुद्धा झाला नाही.

तेव्हा वहिनींनो, नाव देण्याआधी एवढंच विचारा: वळायचं कुठे? अर्ध्यावर म्हणाले तर फी अर्धीच द्या, आणि पावती पूर्ण मागा.